शिडी काढून घेणारा घरमालक

"आदी पानी दे माय, मंग बगू काय पडलंय ते."

कुणाचंही घर पाहायला गेलो की आप्पा असंच म्हणायचे. आम्ही चार-पाच जण टेप, टॉर्च आणि हातोडी घेऊन दारात उभे. जिचं छत गळतंय ती बाई संकोचाने पदर सारखा करत समोर उभी. आणि आप्पा मात्र चपला काढून उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसलेले, तांब्याची वाट पाहत. तांब्या आला की मान मागे टाकायची आणि वरून धार सोडायची. एक थेंब सदऱ्यावर पडत नसे. तांब्या रिकामा होईपर्यंत डोळे छतावरच असत. मग तांब्या खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "त्या कोपऱ्यात वल हाय."

आपल्या शहरात दुसऱ्याच्या घरी पाणी मागणं ही साधी गोष्ट नाही, हे इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. नळ कधी येणार याची आपण पाहुण्यांपेक्षा जास्त वाट पाहतो. ज्या घरी पिंपभर पाण्यावर दिवस काढतात, तिथे तांब्याभर मागायचं मला बरं वाटत नसे. एकदा मी आप्पांना तसं बोललो.

"मोलाचं हाय म्हनून तर मागतो, मुनीमजी," ते म्हणाले. "फुकटचं मागून काय करू?"

मी मुनीम नाही. चिकलठाण्याला एका कारखान्यात हिशेब पाहतो. पण आप्पांची उमेदीची सगळी वर्षं गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहण्यात गेली होती, आणि त्यांच्या लेखी कागदावर आकडे मांडणारा प्रत्येक माणूस मुनीम होता.

आमची संस्था लहान आहे. घर स्वतःचं आहे, वय झालंय आणि डागडुजी करायची ऐपत नाही, अशा माणसांची घरं आम्ही रविवारी दुरुस्त करतो. गळकं छत, मोडकं दार, न्हाणीतली घसरडी फरशी, कठडा नसलेला जिना. माणसाला आपल्याच घरात न पडता राहता यावं, एवढाच आमचा उद्देश. मी तिथला खजिनदार, आणि एका नियमाचा जनकही. ज्याचं घर दुरुस्त करायचं त्याच्याकडे काही खायचं-प्यायचं नाही, असा तो नियम. सुरुवातीच्या दिवसांत एका आजींनी आम्हा सगळ्यांना दोनदा चहा पाजला, आणि संध्याकाळी कळलं की त्यातलं दूध शेजारच्या तान्ह्या बाळाचं होतं. तेव्हापासून प्रत्येकाने डबा आणि बाटली घरून आणायची असं ठरलं. नियमामागचं कारण मला आजही पटतं.

या नियमामुळेच आप्पांची आणि माझी पहिली भेट भांडणाने सुरू झाली.

आप्पा मूळचे फुलंब्रीकडचे. घराणं मेंढपाळांचं. वडील कळप घेऊन गावोगाव फिरले. आप्पा तरुणपणी शहरात आले ते इथलेच झाले. शहराच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या जात होत्या तेव्हा त्यांनी एक तुकडा घेतला. आधी पत्र्याची एक खोली उभी केली. मग काही वर्षांनी पुढची पक्की खोली झाली. तिला दगडी भिंती, भिंतींवर तीन लोखंडी गर्डर आणि गर्डरवर शहाबादी फरशांचं छत. बायको त्या घरात नांदली आणि त्याच घरात गेली. मुलगा तिथेच शिकला आणि पुण्याला कंपनीत लागला.

पुढे मधला गर्डर गंजला. त्याचे पापुद्रे सुटून खाली पडायचे, आप्पा ते झाडून टाकायचे. मग एका दुपारी त्यावरची फरशी तडकली आणि तिचा परातीएवढा तुकडा खाटेच्या उशाशी कोसळला. आप्पा त्या वेळी कोपऱ्यावर बिडी आणायला गेले होते. बिडीने जीव वाचवला, असं ते पुढे छाती तपासणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवत.

मुलगा पुण्याहून धावत आला. तुकडा पाहिला, उशी पाहिली आणि त्याने ठरवून टाकलं की दिवाळीला घर विकायचं आणि आप्पांना घेऊन जायचं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच ठरवलं असतं. जागेला गिऱ्हाईक तयार होतं आणि त्याच्या फ्लॅटमध्ये आप्पांसाठी खोली होती.

"चौथ्या मजल्यावर म्या काय करू?" आप्पांचं उत्तर होतं. "खाली कोन मेलं ते बी कळत नाय."

कुणीतरी आमचं नाव सुचवलं. आमच्या इंजिनियर बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. मोजकं बोलतात. त्यांनी छताला हातोडीने ठोकून पाहिलं आणि मुलाला सांगितलं, भिंती उत्तम आहेत, मधला गर्डर बदलला आणि वरून सिमेंटचा कोबा केला तर घराला काही होत नाही. मुलगा म्हणाला, दिवाळीला येऊन मी स्वतः पाहीन. मला पटलं तर राहू द्या, नाहीतर सामान बांधायचं. म्हणजे आमच्या हातात पाच-सहा रविवार होते आणि आप्पांचं घर त्यांवर अवलंबून होतं.

मोजमाप झाल्यावर आप्पांनी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. आम्ही सगळ्यांनी हात जोडून नको म्हटलं.

"कामून? उपास हाय का रोजा?"

मी नियम सांगितला. आप्पांनी ऐकून घेतला. तांब्या दारातल्या तुळशीत ओतला आणि आत निघून गेले. मला वाटलं, विषय संपला.

कामाच्या पहिल्या रविवारी सकाळीच मधल्या गर्डरखाली टेकू लावले. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार छतावर चढले आणि वरचा मुरूम उकरू लागले. आप्पा मागच्या खोलीतून बाहेरच येईनात. रुसले असतील म्हणून आम्हीही हाक मारली नाही. दुपारी ते आले तेव्हा हातात परात होती आणि परातीत बाजरीच्या भाकरींची चळत. मग आत जाऊन पिठल्याचं पातेलं आणलं. सगळं एकट्याने थापलेलं, रांधलेलं. तोवर आम्ही गल्लीत टेम्पोच्या सावलीला बसून आपापले डबे उघडले होते.

आप्पांनी आमच्याकडे एकदा पाहिलं. पातेलं खाली ठेवलं. शिडीपाशी गेले, ती भिंतीपासून सोडवली, अंगणात आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले.

मिस्त्री वरच होता. थोड्या वेळाने तो छताच्या कडेला आला. "ओ आप्पा, शिडी लावा की. भूक लागली."

"भूक लागली ना? मंग हितं जेवनार का ते सांग. व्हय म्हन, लगेच लावतो."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. "मला चालतंय हो," तो म्हणाला, "पन साहेबांना इचारा."

मी उठून आप्पांजवळ गेलो आणि त्यांना नियमाचं कारण समजावून सांगितलं. दुधाची गोष्टही सांगितली. आम्ही अशी मदत करतो ती माणसाला खर्चात पाडायला नव्हे, असंही म्हणालो. माझ्या मते मी मुद्देसूद बोललो. आप्पा शेवटपर्यंत ऐकत होते. शिडीवरून मात्र हलले नाहीत.

"मुनीमजी," ते म्हणाले, "माझा बाप लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा. ठावं हाय का, काय असतं ते?"

मला ऐकून माहीत होतं. रात्रभर कळप शेतात बसवला की लेंडीखताने जमीन सुधारते. त्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो.

"धान्य कमीजास्त झालं तर बाप बोलायचा नाय. पन ज्याच्या घरून भाकर आली नाय, त्याच्या रानात कळप बसवायचा नाय. भाकर देतो तो मालक. रान त्याचं हाय, हे आमी त्याची भाकर खाऊन कबूल करायचो." त्यांनी घराकडे बोट केलं. "तुमी माझं छत उकललं. घरात खांब उभे केले. आन माझं पानी बी तुमाला चालंना. पोरगं म्हनतं इकायचं, तुमी म्हनता खायचं नाय. मंग हितं मालक कोन हाय, एकदा सांगून टाका."

आवाज चढलेला नव्हता. छतावरचे दोघे कडेला येऊन ऐकत होते.

तेवढ्यात इंजिनियर बाईंनी डब्याचं झाकण लावता लावता मला विचारलं, "आपण काम करणारे एकमेकांच्या डब्यातलं खातो ना?"

"ते तर नेहमीचंच आहे."

"मग झालं तर."

आप्पांनाही काम करणाऱ्यांत धरा, हे त्यांचं म्हणणं मला कळलं, पण नुसती पळवाट म्हणून ते मला चालणार नव्हतं. करायचं तर खरं करायचं. मी आप्पांना विचारलं, हे घर झाल्यावर बेगमपुऱ्यात एका बाईचे पत्रे बदलायचे आहेत, तुम्ही येणार का?

"रिकामाच हाय. येतो की."

"नुसतं येऊन बसायचं नाही. काम करायचं. आणि एकदा येऊन चालणार नाही, दर रविवारी यायचं. डबा घेऊन."

"डबा कशाला, परात आनतो."

"मग तुम्ही आजपासून आमच्यातले. आजची परात तुमचा डबा धरतो."

आप्पांनी माझ्याकडे थोडा वेळ नीट पाहिलं, मी थट्टा करतोय की काय ते तपासल्यासारखं. मग उठून शिडी लावली. मिस्त्री खाली उतरला तो थेट परातीपाशी. आम्ही डबे घेऊन अंगणात आलो आणि गोल करून बसलो. आप्पांनी प्रत्येकाच्या हातावर स्वतः भाकरी ठेवली. शेवटी माझ्या डब्यातली मेथी चाखून म्हणाले, "मीठ कमी हाय. सूनबाई नाराज हाय का तुमच्यावर?"

हे मी घरी सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे मेथीत मीठ कधी कमी पडलं नाही.

एक माणूस आमच्यातला झाला तर उद्या सगळेच होतील आणि नियमाला अर्थ राहणार नाही, अशी मला धास्ती होती. तसंच झालं, आणि संस्थेच्या इतिहासात त्याहून चांगलं काही झालेलं नाही. ज्याचं घर झालं त्याने पुढच्या घरी कामाला यायचं, ही पद्धत त्या अंगणातून सुरू झाली. ज्यांना उचलता येत नाही ते खिळे सरळ करतात. ज्यांना उभं राहवत नाही ते बसून वाळू चाळतात. पाण्याचा तांब्याही मग मी नियमातून मोकळा केला.

दिवाळीच्या आधी आप्पांचं काम पुरं झालं. नवा गर्डर बसला, दोन फरशा बदलल्या, वर कोबा झाला. न्हाणीत धरायला दांडी लावली, पायरीवर दिवा आला. धनत्रयोदशीच्या सकाळी मुलगा आला. इंजिनियर बाई आणि मी तिथेच होतो. येताना त्याने गाडी भाड्याने आणली होती, मागची जागा सामानासाठी रिकामी.

आप्पा दारातच म्हणाले, "तू न्यायला आला का बगायला?"

"न्यायलाच आलोय, आप्पा."

"मंग आदी बग."

मुलाने घर पाहिलं, आणि मन लावून पाहिलं. गर्डरवर बोटं फिरवली, न्हाणीतल्या दांडीला लोंबकळून पाहिलं, दिवा दोनदा लावला-विझवला. मला कोबा किती जाड आहे ते विचारलं, मी सांगितलं. बाईंना विचारलं, हा गर्डर किती वर्षं धरेल. बाई म्हणाल्या, "तुम्ही निवृत्त होऊन इथे राहायला आलात तरी धरेल." मग तो बापाच्या खाटेवर, बरोबर त्या जागेखाली, पाठ टेकून पडला आणि वर पाहत राहिला. आप्पा दाराशी उभे होते. त्यांचा हात चौकटीवर होता. चेहरा गुलमंडीत गाठीचं वजन ठरवताना असेल तसा.

"घर ठीक झालंय," मुलगा पडूनच म्हणाला. "पण उद्या तुम्ही पडलात तर कळणार कुणाला?"

याचं उत्तर समोरच्या घरातून आलं. तिथली बाई दारात रांगोळी काढत होती आणि सगळं ऐकत होती. "सकाळी त्यांचं दार उघडलं नाय तर मी बोंब मारते, दादा. आन उघडलं तर तेच मारतात."

मुलाला हसू आवरलं नाही. उठून बसला. "गाडीवाल्याला सोडतो," एवढंच म्हणाला. ती दिवाळी त्याने इथेच केली आणि विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने स्वतः उभं राहून छतावर जायला लोखंडी जिना बसवून घेतला. आप्पांना उन्हाळ्यात वर झोपायची सवय होती, आणि बाप शिडीवरून नीट चढेल-उतरेल याचा भरवसा त्याला वाटत नव्हता.

कारागीर म्हणून आप्पा बिनकामाचे होते, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्यांनी हाताने मापून कापलेला पत्रा कधीही पुरला नाही. मी टेप लावून दाखवला की म्हणायचे, "तुमचा टेप उन्हानं वाढलाय." सिमेंट कालवताना पाणी जास्त टाकायचे. खिळे ठोकताना दुसऱ्याला खिळा धरायला लावायचे, आणि एकदा ज्याने धरला तो पुन्हा धरत नसे. मिस्त्रीने त्यांना प्रेमाने सांगितलं होतं, आप्पा, तुम्ही फक्त बोलत जा.

ते काम त्यांना चोख यायचं. एका घराची आठवण सांगतो. घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. घर त्याचं स्वतःचं, पण आम्ही गेलो तर तो भाडेकरूसारखा कोपऱ्यात उभा. भेगा दिसल्या की माफी मागायचा. ही भिंत अशीच आहे हो, लक्ष द्यायला झालं नाही. हे दार राहूनच गेलं. आम्ही जितके मोजत होतो तितका तो अंग चोरत होता. आप्पांनी पाणी मागितलं. एक तांब्या संपवला, दुसरा मागितला. मग तोंड पुसून त्याला म्हणाले, "मालक, कुटून सुरू करायचं?"

तो माणूस क्षणभर मागे वळून पाहू लागला, मालक कुणाला म्हणतायत म्हणून. मग पुढे आला. "आधी स्वयंपाकघर करू," म्हणाला, आणि आम्हाला स्वतः हात धरून आत घेऊन गेला. त्या दिवशी त्याने आमच्यावर पाच-सहा हुकूमही सोडले. त्यातला एक चुकीचा होता, पण आप्पांनी तो पाळायला लावला.

तुम्ही आमच्यासोबत असता तर तुम्हीही पाहिलं असतं. आम्ही घराची डागडुजी करायचो, आणि आप्पा त्याआधी घराच्या मालकाची करून ठेवायचे.

दिवाळीतल्या त्या सकाळनंतर आप्पा आपल्या घरात पुष्कळ वर्षं राहिले. भांडले, भाकरी थापल्या, डॉक्टरला न जुमानता बिड्या ओढल्या. अखेरच्या काही महिन्यांत रविवारी येणं जमेना, तर निरोप पाठवायचे, आज कुणाकडे गेलात, पाणी दिलं का त्यांनी. मग एका सकाळी गेले. आपल्या खाटेवर, झोपेतच.

मी पोचलो तेव्हा मुलगा पुण्याहून यायचा होता. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तेवढ्यात माणसं जमू लागली. गुलमंडीतले जुने हमाल आले. फुलंब्रीकडून भावकी आली, फेटे बांधून. आणि आमच्या दुरुस्त केलेल्या घरांतली माणसं आली. काठ्या टेकत, रिक्षा करून, नातवांच्या गाडीवर मागे बसून. बेगमपुऱ्याची बाई आली, शिंपी आला. गल्ली अरुंद, अंगण लहान. बायका आतल्या खोलीत बसल्या, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग बाकीचे लोखंडी जिन्याने वर जाऊ लागले. थोड्याच वेळात छत भरलं. खाली बसून आम्हाला डोक्यावर पावलांचे आवाज ऐकू येत होते.

मुलगा आला. बापाच्या पायांशी बराच वेळ बसला. मग उठून माझ्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "काका, वर फार लोक झालेत. छत धरेल ना?"

मी वर पाहिलं. आप्पा मधल्या गर्डरच्या बरोबर खाली होते. गर्डर घेताना इंजिनियर बाईंनी किती भार हिशेबात धरला होता तो मला तोंडपाठ होता. जिन्याकडे पाहून वर गेलेली माणसं मनातल्या मनात मांडली. बाहेर गल्लीत अजून माणसं उभी होती, उन्हात, आत यायला जागा नाही म्हणून.

"धरेल," मी म्हणालो. "बाहेरच्यांनाही वर पाठवा."